आवरलेला हात

'द रेड' (2011) या इंडोनेशियन मारधाडपटाचा नायक इको उवैस पूर्वी एका दूरसंचार कंपनीचा ट्रक चालवत असे. सिलाट ही तिकडची पारंपरिक युद्धकला मात्र त्याच्या घराण्यातच होती. चित्रपटाचा खर्च सुमारे 11 लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लरच! सेटवरच्या बंदुका नकली, त्यांतून निघणारी आग नंतर संगणकावर जोडलेली. मारामारी मात्र माणसांनीच करायची. इको आणि सहकलाकार यायान रुहियान यांनी ती बसवली. पडद्यावर हाड मोडणारा ठोसा सेटवर ऐनवेळी आवरावा लागतो. नाहीतर जायबंदी होतो तो आपलाच सोबती. रागाच्या क्षणी स्वतःला आवरणाऱ्यालाच प्रेषितांनी (स.) खरा बलवान म्हटले. रमजानचा रोजाही केवळ पोटाचा नसतो. हाताचा आणि जिभेचाही असतो.