मुलांच्या बुटांतील कापड

पादत्राण म्हटले की चामड्याचाच विचार प्रथम मनात येतो; परंतु शाळेच्या कवायतीसाठी जो पांढरा कॅनव्हासचा बूट शिरस्त्याप्रमाणे मुलांच्या पायांत चढतो, त्याचा रबरी तळ वगळला तर बाकी सारा जिन्नस कापडाचाच असतो, आणि तो बालकास सुखावह होणार की जाचक, याचा निवाडाही बहुतांशी हे कापडच करते.

कॅनव्हास म्हणजे पीळदार सूत ताण्याबाण्यात घट्ट ठोकून साध्या विणीने विणलेले जाड सुती कापड. त्याच्या आतल्या अंगाला पातळ अस्तर डकवतात, त्या दुहेरी कापडाचे भाग कापून शिवतात, पायाच्या आकाराच्या फर्म्यावर ताणून बसवतात, आणि गंधकमिश्रित कच्च्या रबराचा तळ जोडून सारे एकत्र भट्टीत तापवतात, तेव्हा रबर पक्के होऊन कापडास कायमचे बिलगते. गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची ही युक्ती चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास १८३९ साली गवसली. तत्पूर्वीचे रबर उन्हात पाघळे आणि थंडीत ताठरे, त्यामुळे धावत्या मुलाच्या पायी ते देण्यात अर्थ नव्हता.

सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पायाचा घाम टिपण्यास सुती अस्तरासारखे दुसरे काही नाही, हे मान्यच करावे लागते. मात्र हाच गुण आषाढात अवगुण ठरतो: भिजलेले सूत फुगते, फुगल्याने कापड आखडते, आणि कोकणातल्या पावसात सकाळी भिजलेला कॅनव्हास दुसऱ्या सकाळीही ओलाच सापडतो. पॉलिएस्टरची जाळी पाणी शोषत नाही, छिद्रांतून वारा खेळू देते व लवकर वाळते. तेव्हा पावसाळ्यापुरती तिची तरफदारी करण्यास मला संकोच वाटत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत मात्र मी कॅनव्हासच पत्करीन, मग तो पांढरा राखण्याची दगदग सोसावी लागली तरी बेहत्तर.

बंदांच्या जागी आलेली ती चरचर आवाज करणारी नायलॉनची पट्टी कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला सुचली. गाठ मारता न येणाऱ्या वयाची तिने मोठीच सोय केली आहे.

दुकानदार बहुधा तळ वाकवून दाखवतो. खरेदीदाराने मात्र बोटे आत घालून टाचेजवळची शिवण चाचपावी. कारण वाढत्या पायासाठी म्हणून एक नंबर मोठा घेतलेल्या बुटात टाच सारखी वरखाली होते, आणि अस्तर फाटते ते तिथेच, कातडी सोलवटते तीही तिथेच.