पाऊस नाही, गळती नाही, तरी भिंत ओली!

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं. मग पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये सकाळी भिंतीला ओल कशी? हत्यारांवर गंज कुठून येतो? आणि डोक्यावरच्या पत्र्यातून थेंब का पडतात?

हे पाणी दोन वाटांनी येतं. एक जमिनीतून वर चढतं, दुसरं हवेतून खाली उतरतं!

आधी चढणारं पाहू. हा काळ्या मातीचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून ती तयार झाली. तिचे कण इतके बारीक, की पावसाळ्यातलं पाणी ते महिनोन् महिने धरून ठेवतात. म्हणून तर शाळू पावसावाचून पिकतो. पण जी ओल शाळूला मिळते, तीच पायातल्या विटांनाही मिळते. विटेत केसाहून बारीक छिद्रं असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांतून वर सरकतं. छिद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं रुंद असेल, तर हिशेबाने पाणी 3 मीटर चढू शकतं. पंप नाही, वीज नाही! प्रत्यक्षात वाटेत ते हवेत उडून जातं, म्हणून ओल बहुधा कमरेच्या आसपास थांबते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक छिद्रांत फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे पाडतात. हाच तो लोणा.

आता उतरणारं. रात्री पत्रा आपली ऊब थेट मोकळ्या आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. हे मला आजही अद्भुत वाटतं. 20 अंशांची एक घनमीटर हवा सुमारे 17 ग्रॅम वाफ पेलते, 10 अंशांची जेमतेम 9. ओल्या जमिनीची वाफ आत कोंडलेली असतेच. ती गार पत्र्याला भिडते आणि उरलेलं पाणी थेंब होऊन पडतं. माळवदाखाली असं सहसा होत नसे, कारण मातीचा जाड थर दिवसाची ऊब रात्रभर राखतो. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जड छतांखाली माणसं गाडली गेली. पत्र्याला नावं ठेवायला म्हणूनच माझी जीभ उचलत नाही.

तुमच्याकडे पाणी कुठल्या वाटेने येतं? भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोनतीन दिवस थांबा. थेंब आतल्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतलं.

मग दुरुस्ती. हवेतल्या पाण्यासाठी पत्र्याखाली थर्माकोलचा थर सांधे बंद करून बसवा, आणि दुपारी हवा कोरडी असताना दारं-खिडक्या उघडा. जमिनीतल्या पाण्यासाठी खालचा कोबा फोडा, मुरूम दाबा, त्यावर जाड प्लास्टिक अंथरून मग काँक्रीट घाला. बाहेर भिंतीलगत उतार काढा. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र नको! त्याने बाहेर पडायची वाट बुजते आणि पाणी आणखी वर चढतं. पोपडे काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, भिंत मार्च ते मे उघडी ठेवा. मराठवाड्याचा उन्हाळा ती फुकटात वाळवतो. मृगाआधी चुन्याचा गिलावा करा. त्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडत राहते.