एकदाच बनवा, पावसाळाभर वापरा : आपल्या तालुक्याचा पाऊस-नकाशा



समजा, बातमी आली की हिमायतनगर तालुक्यात सरासरी ४० मिमी पाऊस झाला. आता उदाहरणासाठी तीन महसूल मंडळं घेऊ. हिमायतनगर ९० मिमी, सरसम २० मिमी, जवळगाव १० मिमी. सरासरी बरोबर ४० येते. कागदावर पाऊस मध्यम, पण एका मंडळात पिकं पाण्यात! पीकनुकसानीच्या मदतीसाठी अतिवृष्टी मोजली जाते ती मंडळावर : २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त. सरासरीत लपलेलं हे चित्र नकाशात लगेच दिसतं.

मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मिळतात. नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पण रोज नवा नकाशा काढत बसलो तर आठवड्यात कंटाळा येतो. म्हणून कोरा नकाशा एकदाच नीट तयार करून ठेवायचा आणि रोज फक्त आकडे बदलायचे.

१. चौकट ठरवा. अक्षांश १९.२ ते १९.७ उत्तर, रेखांश ७७.६ ते ७८.३ पूर्व एवढ्या चौकटीत हिमायतनगरसह हदगाव, भोकर, उमरखेड आणि किनवट ही गावं येतात. ही चौकट 'बुकमार्क' म्हणून नाव देऊन जतन करा. एक गंमत मुलांना जरूर सांगा. ७८ पूर्व रेखांश हिमायतनगर आणि किनवटच्या मधून जातो. यूटीएम पद्धतीत त्याच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा आणि पूर्वेला ४४ वा. आपल्या कामासाठी साधे अक्षांश-रेखांशच (डब्ल्यूजीएस ८४) बरे.

२. सीमा आणि क्रमांक. मंडळांच्या सीमा तालुक्याच्या नकाशावरून गिरवा आणि प्रत्येक मंडळाला एक क्रमांक द्या. सीमा हाताने गिरवल्या असतील तर नकाशावर 'फक्त शाळेच्या वापरासाठी' असं लिहायचंच.

३. आकड्यांची जोडणी. एक्सेलमध्ये दोन रकाने करा : मंडळ क्रमांक आणि पाऊस. पावसाच्या रकान्यात फक्त आकडा लिहा, पुढे 'मिमी' नको. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात ठेवा, नाहीतर देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. मग 'जॉइन' वापरून ती सीमांना जोडा. जोडणी नावाने करू नका. एकीकडे 'सरसम' आणि दुसरीकडे 'सरसम बु.' असलं की सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी गावं वाटतात.

४. रंग कायमचे ठरवा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सॉफ्टवेअर आपोआप रंग देतं तेव्हा त्या दिवशीचा सर्वात मोठा आकडा गडद होतो, मग तो १२ असो की १२०. दोन दिवसांची तुलनाच होत नाही. म्हणून हवामान खात्याच्या पायऱ्या घ्या : २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. २.५ च्या खाली, शून्यासह, पांढरा रंग. आणि सगळ्यांच्या खाली त्याच सीमांचा एक राखाडी थर ठेवा. आकडाच आला नाही तर मंडळ राखाडी दिसेल. नोंद नसणं आणि पाऊस नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना यातून आपोआप कळतं.

५. साचा जतन करा. प्रोजेक्ट मेनूतल्या 'सेव्ह टू'मधून 'टेम्प्लेट्स' निवडा. दुसऱ्या दिवशी 'न्यू फ्रॉम टेम्प्लेट' घ्यायचं, त्याच नावाच्या सीएसव्हीत नवे आकडे भरायचे, तारीख बदलायची, चित्र काढून ठेवायचं. झालं काम!

तारखेची मात्र काळजी घ्या. पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजतात. रविवारी रात्री पडलेला पाऊस सोमवारच्या नोंदीत येतो.

पाच-सहा दिवसांचे नकाशे जमले की भिंतीवर ओळीने लावा आणि वर्गाला विचारा : सरासरी मध्यम असूनही कोणत्या दिवशी, कोणत्या मंडळात अतिवृष्टी झाली? आपल्या गावाचं मंडळ कोणतं, हा शोध मुलं मग घरी जाऊन सातबाऱ्यापर्यंत नेतील.