लहान झालेले जठर

जठर म्हणजे अन्न साठविण्याची पिशवी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी मानली, तर पिशवी लहान करावी, माणूस कमी खाईल आणि वजन उतरेल, एवढाच स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा हिशेब ठरतो. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा बहुतेक भाग टाळून अन्नाला आडवाट काढून देण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली, तेव्हा मुख्य हेतू अन्न कमी जावे हाच होता. पुढे १९९५ साली डॉ. वॉल्टर पोरीस व त्यांचे सहकारी यांनी आपल्या रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, ताळ्यावर आली होती. केवळ कमी खाण्याने याचा पुरता उलगडा होत नव्हता.

उलगडा हॉर्मोनांत सापडतो. जठराच्या वरच्या फुगीर भागातून घ्रेलिन स्रवते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढले. जठराची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेत हा भागच काढला जातो. साहजिकच भूक मंदावते. आडवाटेच्या शस्त्रक्रियेत अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते, तेथून जीएलपी-१ हे हॉर्मोन अधिक स्रवते, इन्सुलिनला चालना मिळते व तृप्ती लवकर येते. म्हणूनच मधुमेहाच्या औषधांची मात्रा वैद्यांकडून वेळीच बदलून घ्यावी लागते.

परंतु भूक मंदावली, तरी शरीराची गरज मंदावत नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जातात. आडवाटेत तोच भाग टळतो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी जठरातून स्रवणारा एक घटक लागतो, तोही अपुरा पडतो. यकृतातील ब-१२ चा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे माणूस प्रकृती उत्तम आहे असे समजून गोळ्या सोडतो, आणि पुढे पायांना मुंग्या येऊ लागतात. उपचारास फार उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. शाकाहारी माणसाने येथे अधिकच जपावे.

ब-१ जीवनसत्त्वाची गोष्ट याहून निकडीची. त्याचा साठा काही आठवड्यांचाच असतो. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील आणि एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, मन गोंधळणे अशी लक्षणे उमटली, तर रुग्णालयात तत्काळ ब-१ टोचून देणे आवश्यक असते. ते न देता नुसते ग्लुकोज शिरेतून चढविल्यास धोका वाढतो; विलंबाने स्मृती कायमची अधू होऊ शकते.

स्त्रियांच्या बाबतीत वजन उतरताच अनियमित पाळी पुष्कळदा नियमित होते व गर्भधारणेची शक्यता वाढते. शरीरातील साठे स्थिरावेपर्यंत, म्हणजे १२ ते १८ महिने, गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो.

घरातील ताटाचा क्रमही बदलावा लागतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून डाळ, दही, पनीर, अंडी वा मासे आधी आणि भात-भाकरी नंतर. जेवताना पाणी नको, गोडधोड बेतानेच. याखेरीज जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वेळोवेळी रक्ततपासणी ही जन्मभराची बांधिलकी होय. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. तिचे पथ्य मात्र आयुष्यभर पाळावयाचे असते, आणि ते पाळणाऱ्यालाच तिचे पुरते फळ मिळते.