विषाणूचं जगणं कुठे शोधायचं?

१९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाची साथ आली. संशय होता लिजिओनेला या जिवाणूवर, म्हणून एका कूलिंग टॉवरचं पाणी तपासायला घेतलं. त्यातल्या अमिबांच्या पोटात एक गोलसर सूक्ष्मजीव मिळाला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत होता, जिवाणूंना देतात तो ग्रॅमचा रंगही त्याने धरला. जिवाणूच असणार, असं सगळे धरून चालले. पुढे फ्रान्समध्ये मार्सेयच्या प्रयोगशाळेत त्याच्यात रायबोसोमचं जनुक काही केल्या सापडेना. अखेर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वीस पैलूंचं कवच दाखवलं आणि २००३ मध्ये जाहीर झालं की हा विषाणू आहे. त्याचं नाव ठेवलं मिमिव्हायरस.

जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून निसटतो तो विषाणू, ही ओळख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इव्हानोव्हस्की आणि बायेरिंक यांनी तंबाखूच्या रोगट पानांवर केलेल्या प्रयोगांपासूनची. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी याच तंबाखूच्या विषाणूचे स्फटिक मिळवले. मिठासाखरेसारखे स्फटिक, पण पानावर चोळले की रोप आजारी! मिमिव्हायरसने आकाराची कसोटीच निकालात काढली. त्याच्या डीएनएत सुमारे १२ लाख बेसजोड्या आहेत. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जिवाणू, म्हणजे अस्सल पेशी, जेमतेम ५ लाख ८० हजारांत भागवतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना मुंबईच्या सांडपाण्यात आणि पवई तलावातही असे महाविषाणू मिळाले आहेत. त्यांतल्या एकाच्या नावात चक्क कुर्ला आहे.

मग फरक उरतो कुठे? माझ्या मते, वाढण्याच्या रीतीत. क्लॅमिडिया हा जिवाणूही दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाही. पण आत गेल्यावर तो अखंड राहतो, स्वतःच्या रायबोसोमवर स्वतःची प्रथिनं घडवतो आणि दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणू कधीच दुभंगत नाही. अमिबाने गिळलेला मिमिव्हायरस कवच उघडून डीएनए आत सोडतो. त्यानंतर काही तास अमिबात नवा, धडधाकट असा एकही कण सापडत नाही. मग पेशीद्रवात ‘विषाणू कारखाना’ उभा राहतो. अमिबाच्याच रायबोसोमवर विषाणूची प्रथिनं तयार होतात, सुटे भाग जुळतात आणि शेवटी फुटलेल्या अमिबातून शेकडो कण बाहेर पडतात. १९५५ मध्ये तंबाखूच्या विषाणूचं प्रथिन आणि आरएनए वेगळं करून परीक्षानळीत पुन्हा एकत्र केलं, तर रोग पसरवणारे कण तयार झाले. कुठल्याही पेशीबाबत हे आजवर जमलेलं नाही.

तरीही विषाणू आणि पेशी, दोघांची जनुकीय लिपी एकच. उत्परिवर्तन आणि नैसर्गिक निवड दोघांनाही लागू. फ्लूची लस वारंवार बदलावी लागते ती त्यामुळेच. म्हणून सजीव की निर्जीव हा प्रश्न बाहेर पडलेल्या कोरड्या कणाला विचारण्यात अर्थ नाही, असं मला ठामपणे वाटतं. तो विचारायचा बाधित पेशीला. तिथे विषाणूचंही बिनसू शकतं: २००८ मध्ये मिमिव्हायरसच्या एका भावंडासोबत स्पुटनिक नावाचा चिमुकला विषाणू सापडला. तो त्याच कारखान्यात शिरून वाढतो, आणि तो शिरला की मोठ्या विषाणूचे कण कमी आणि वेडेवाकडे निपजतात.