अर्ध्या मिलिमीटरचा टेकू

घरात कधी उंदराचा पिंजरा लावला असेल, तर रायफलीचा चाप तुम्हाला निम्मा कळलेलाच आहे. पिंजऱ्याचं दार स्प्रिंगने ताणलेलं असतं. त्याला एक लांब तार अडवून धरते आणि त्या तारेचं टोक भाकरीचा तुकडा खोचलेल्या आकड्याच्या अगदी कडेला टेकलेलं असतं. उंदीर आकडा जरासा ओढतो, तार निसटते, दार खाडकन पडतं. दार पाडण्याचा जोर उंदराचा नसतो. तो स्प्रिंगचा असतो, आपणच आधी भरून ठेवलेला. उंदीर फक्त टेकू काढतो. आणि ज्याने पिंजरा लावलाय त्याला हेही ठाऊक असतं की सगळी कला तार किती टेकवायची यात आहे. जास्त टेकवली तर उंदीर भाकरी फस्त करून निवांत निघून जातो. कमी टेकवली तर पिंजरा उचलून ठेवताना दार आपल्याच बोटांवर पडतं.

शिकारीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत नेमकं हेच चालतं, फक्त मापं बदलतात. बोल्ट म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात बसणारा पोलादी दट्ट्या. दाराच्या कडीसारखी त्याची मूठ वर उचलून मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. या हालचालीत काडतूस नळीत जातं आणि बोल्टच्या आतली फायरिंग पिन मागे अडकून राहते. तिच्याभोवतीची स्प्रिंग दबून सुमारे १० किलोच्या जोराने पुढे रेटत असते. पिनेच्या शेपटाला अडवणारा जो पोलादी तुकडा असतो त्याला सिअर म्हणतात. मी त्याला अडसर म्हणेन, कारण काम तेच आहे. अडसराला खाली सरकायचं असतं, कारण पिनेचं शेपूट त्याच्या उतारावर सतत दाबत असतं. तो सरकत नाही, कारण त्याच्या खाली चापाच्या वरच्या कडेचा टेकू आहे.

हा टेकू किती? रेमिंग्टन ७०० या जगप्रसिद्ध रायफलीत साधारण अर्धा मिलिमीटर. पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवा, तेवढी जाडी. एवढ्याशा कडेवर सगळं तोललेलं असतं. बोटाने दीड-दोन किलोचा दाब दिला की टेकू पुढे सरकतो, अडसर खाली बसतो आणि पिन काडतुसाच्या बुडावर आदळते. या सगळ्याला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला याच्या तीस-चाळीसपट वेळ जातो.

आपल्या भाषेतला ‘चाप’ हा शब्द मला यासाठी फार आवडतो. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. ताणून धरलेली शक्ती नेमक्या क्षणी सोडायची, हे काम धनुष्याचंही आणि चापाचंही. इंग्रजांचा ‘ट्रिगर’ डच भाषेतल्या ‘ओढणे’ या क्रियापदावरून आला, म्हणजे त्यांना बोट दिसलं. आपल्या शब्दात ताण दिसतो, आणि या यंत्राचा जीव ताणातच आहे.

चांगला चाप कसा असतो, हे नेमबाज एका शब्दात सांगतात: काच. काचेची कांडी मोडावी तसा तो मोडला पाहिजे. आधी काही हलत नाही, मग एकदम सुटतो, आणि सुटल्यावर बोट पुढे घरंगळत नाही. बोट घरंगळलं की नळी हलते. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेतल्या रायफलींचा चाप सहसा शंभर-दीडशे ग्रॅमवर ठेवलेला असतो. मैदानावर, नेमाच्या वेळीच भरल्या जाणाऱ्या रायफलीला ते चालतं. पाठीवर टाकून डोंगर चढायच्या, घोड्यावरून न्यायच्या, बर्फात पडायच्या रायफलीला चालत नाही. तिथे चापाने आधी धरायला शिकलं पाहिजे, मग सुटायला.

या दोन गरजांचा मेळ घालायला न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या रेमिंग्टन कारखान्यात एक तरुण अभियंता बसला होता. मर्ल वॉकर, सगळे त्याला माइक म्हणत. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, सैनिक घरी परतणार होते, स्वस्त आणि अचूक शिकारी रायफल हवी होती. १९४८ साली त्याचा चाप मॉडेल ७२१ मध्ये आला आणि १९६२ पासून मॉडेल ७०० मध्ये. त्याची करामत ज्या भागात होती तो भाग नखाएवढा होता: कनेक्टर.

कनेक्टर म्हणजे कडक पोलादी पत्र्याची वाकवलेली एक पट्टी. ती चापाच्या पुढच्या अंगाला टोपीसारखी बसते. तिला खिळा नाही, स्क्रू नाही, डाग नाही. फक्त एका छोट्या स्प्रिंगच्या दाबाने ती चापाला चिकटून असते. अडसराचा टेकू होते ती हीच. बोटाने चाप ओढला की पट्टी पुढे जाते आणि अडसर पडता पडता तिला आणखी पुढे लोटतो. चाप आणि पट्टी क्षणभर एकमेकांपासून सुटतात. यामुळे बोटाला पुढचं घरंगळणं फारसं जाणवत नाही, चाप ‘काच’ होतो. शिवाय अख्खा चाप कडक पोलादाचा बनवायची गरज उरत नाही, झिजणारी कड तेवढी कडक केली की भागतं. कल्पना सुंदर होती, यात शंका नाही. अचूक नेमासाठी लोकांनी या रायफलीवर दशकानुदशकं जीव टाकला. अमेरिकी सैन्याच्या एम२४ आणि एम४० या नेमबाजांच्या रायफलीही हिच्याच सांगाड्यावर उभ्या राहिल्या.

आता ती क्षणभराची फट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक गोळीला पट्टी चापापासून सुटते आणि परत येते. ती परत यायच्या आत फटीत काही शिरलं तर? वाळलेल्या तेलाचा चिकट थर, मातीचा कण, पोलादाची बारीक कुसळ, थंडीत गोठलेला ओलावा. पट्टी पूर्ण मागे येत नाही. मुळात अर्ध्या मिलिमीटरचा टेकू. त्यातला थोडा जरी गेला, तरी अडसर कडेच्या कडेवर लोंबकळतो. कधी टेकू उरतच नाही.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असलेली छोटी दांडी, मागे ओढली की आतली एक कळ अडसराला किंचित वर उचलून धरते. म्हणजे त्या वेळी रायफल चापाने नाही, सेफ्टीने धरलेली असते. खालचा टेकू जागेवर आहे की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मग अंगठ्याने सेफ्टी पुढे सारायची. अडसर खाली येतो, टेकू शोधतो, तो तिथे नसतो. बोट चापावर नसतानाही बार उडतो. उडाल्यावर त्याच दणक्याने कण निखळून पडू शकतो, पट्टी जागेवर येते, आणि तपासणाऱ्याच्या हातात निर्दोष रायफल पडते. माणूस म्हणतो, मी चाप ओढला नाही. यंत्र म्हणतं, माझ्यात काही बिघाड नाही. पुरावा स्वतःला पुसून टाकतो असा दोष मला दुसऱ्या कुठल्या यंत्रात इतक्या स्पष्टपणे दिसलेला नाही.

सेफ्टी सारताच पिन सुटते, ही गोष्ट उत्पादन सुरू होण्याआधीच, १९४७ च्या चाचण्यांत कंपनीच्या कागदांवर आली होती. वॉकरने १९४८ मध्ये स्वतःच एक सुधारणा सुचवली, जिच्यात सेफ्टी चापालाही जागच्या जागी धरून ठेवील. प्रत्येक रायफलीमागे साडेपाच सेंटचा खर्च होता. ती सुधारणा झाली नाही. २०१० साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, तो दूरचित्रवाणीवर याबद्दल बोलला. २०१३ साली तो १०१ वर्षांचा होऊन वारला.

त्यात आणखी एक बारकावा होता. १९८२ पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद होई. झाडीतून चालताना मूठ अडकून बोल्ट उघडू नये, हा हेतू चांगलाच. पण मग काडतूस बाहेर काढायचं तर आधी सेफ्टी काढायलाच हवी. म्हणजे जो माणूस काळजीपूर्वक रायफल रिकामी करायला निघाला, त्यालाच सगळ्यात धोक्याची हालचाल करावी लागे. ऑक्टोबर २००० मध्ये मोंटानात एक कुटुंब शिकारीहून परतलं. आई रायफल रिकामी करत होती. तिने सेफ्टी सारली, गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा वाचला नाही. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो. त्या बाईने आपल्या परीने काळजीच घेतली होती. मुलाच्या वडिलांनी पुढे कित्येक वर्षं कागद गोळा केले, आणि आज आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्यामुळे कळतं.

कंपनीने दोष कधीच मान्य केला नाही. रायफलीची देखभाल झाली नाही किंवा मालकांनी चापाचे स्क्रू फिरवले, असं तिचं म्हणणं राहिलं. स्क्रू फिरवणारे लोक होते, हेही खरं. २००६ पासून कंपनीने एक्स-मार्क प्रो नावाचा नवा चाप आणला, ज्यात सुटा कनेक्टर नाही. पण टेकू किती नाजूक असतो बघा: १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातले हे चापही कंपनीला परत बोलवावे लागले, कारण जुळणी करताना लावलेलं सीलंट काही वेळा जास्त पडलं होतं. गोंदाचा एक थेंब! जुन्या चापांबद्दलचा सामुदायिक दावा शेवटी तडजोडीने मिटला आणि २०१७ मध्ये मिसूरीतल्या न्यायालयाने तडजोडीला मंजुरी दिली. सुमारे ७५ लाख रायफली तिच्यात येत होत्या. बहुतेकांना चाप फुकट बदलून मिळणार होता. मंजुरीच्या वेळी अर्ज आले होते सुमारे २२,०००. बाकीच्या रायफली कपाटांत, फळ्यांवर, आजोबांकडून नातवाकडे आलेल्या तशाच राहिल्या.

बदलायचा म्हणजे काय करायचं? ऐकायला मोठं वाटतं, पण बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या टेबलावर ते थोडा वेळ चालणारं काम आहे. आधी नळी आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री, डोळ्यांनी आणि बोटानेही. मग बोल्ट बाहेर. खालचे स्क्रू काढून सांगाडा लाकडी दस्त्यातून वर उचलायचा. काडेपेटीएवढी चापाची डबी दोन आडव्या पिनांवर लटकलेली दिसते. पिना हलक्या हाताने ठोकून काढल्या की ती हातात येते, आणि तिच्याबरोबर बोल्ट अडवणारा छोटा खटका आणि त्याची स्प्रिंग. ही स्प्रिंग उडून टेबलाखाली गेली की कारागिराचं काम थांबतं.

नव्या डबीत सुटी पट्टी नसते. चापाची कड आणि अडसर थेट भेटतात. १९४६ पासून चाप बनवणाऱ्या टिमनीसारख्या कंपन्यांचे असे चाप मिळतात. कॅनडातल्या ट्रिगरटेकने तर त्या दोघांच्या मधे एक बारीक लाटणं घातलं. कड घासत सुटण्याऐवजी घरंगळत सुटते. त्यामुळे टेकू जाड ठेवूनही सुटणं ‘काच’च राहतं. पिंजऱ्याची तार भरपूर आत टेकवायची आणि तरी उंदीर निसटू द्यायचा नाही, तसं हे आहे.

डबी बसली, पिना परत गेल्या, खटका आपल्या जागी आला. आता कारागीर काडतुसांना हातही न लावता रायफलीला फसवायला बघतो. बोल्ट जोरात आपटून बंद करतो. दस्त्याचं बूड रबरी चटईवर ठोकतो. सेफ्टी मागे ओढून चाप दाबतो, बोट पूर्ण बाहेर काढतो. मग कान देऊन अंगठ्याने सेफ्टी हळूच पुढे सारतो. आत अडसर टेकूवर येऊन बसतो. पिन सुटल्याचा टक् आवाज येत नाही. तो सेफ्टी परत मागे ओढतो, चाप दाबतो, सोडतो, पुन्हा पुढे सारतो. पुन्हा काही नाही. मग पुन्हा एकदा.