बीममधली खाच नकाशातच ठरवा

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत एखाद्या ले-आउटमध्ये घर उभं राहतं, तेव्हा खरी अडचण येते ती स्लॅब पडून गेल्यावर, प्लंबर कामाला लागला की. बाथरूमचा ११० मिलिमीटरचा पाइप न्यायचा असतो आणि नेमका मध्ये बीम आडवा येतो. मग छिन्नी-हातोडा निघतो, कधी ब्रेकर. काँक्रीट फुटतं, आतली सळई लागते, तीही कापली जाते. गिलावा झाला की वरून काहीच दिसत नाही.

आत मात्र बरंच बदललेलं असतं. २३० बाय ४५० मिलिमीटरचा बीम घ्या. त्याचा खालचा १५० मिलिमीटरचा भाग तोडला, तर उंची एक तृतीयांशच कमी होते. पण वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनावर अवलंबून असतो, त्यामुळे त्या जागचा ताठपणा ३० टक्क्यांच्याही खाली येतो. शिवाय बीमच्या मधल्या भागात ताण सोसणाऱ्या सळया खालीच असतात. काँक्रीट दाब उत्तम पेलतं. ताणाला ते कच्चं. सळई तुटली की तिचं काम करायला दुसरं कुणी नसतं.

म्हणून बीमला भोक पाडूच नये का? तसं नाही. भोक कुठे आणि कसं, हा प्रश्न आहे. टेकूजवळ कातरबल सर्वांत जास्त असतं, तिथे हात लावू नये. तिथून लांब, उंचीच्या मध्यावर, उंचीच्या साधारण पाव भागाहून लहान असलेलं गोल भोक बीम सहसा सोसतो, मात्र दोन्ही बाजूंना जादा रिंगा आणि वर-खाली जादा सळया हव्यात. भोक मोठं असेल, तर वरचा आणि खालचा पट्टा दोन स्वतंत्र छोटे बीम मानून हिशेब करावा लागतो.

चौकोनी भोक आणि खाच यांचं खरं दुखणं कोपऱ्यात असतं. कापडाला कात्री लावली की फाटण कापाच्या टोकापासूनच पुढे सरकते. इथेही तडा आतल्या कोपऱ्यातून तिरपा निघतो. बीमचं टोक अर्ध्या उंचीचं करून टेकूवर बसवतात, तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. खाली आलेला भार वर उचलून त्या अरुंद टोकात न्यायला पूर्ण उंचीच्या भागात, खाचेला अगदी खेटून, उभ्या रिंगांचा गठ्ठा लागतो. टोकातल्या आडव्या सळयाही कोपरा ओलांडून आतपर्यंत पुरेशा लांब न्याव्या लागतात.

कॅनडात क्युबेक प्रांतातल्या लावाल इथला द ला कॉन्कॉर्ड उड्डाणपूल ३० सप्टेंबर २००६ रोजी अशाच टोकाशी तुटला आणि पाच जण गेले. पूल १९७० चा. चौकशी आयोगाला सळयांच्या आराखड्यात, त्या बसवण्यात आणि काँक्रीटच्या दर्जात, तिन्हीकडे दोष सापडले. पूल तीन दशकांहून अधिक काळ उभा होता, म्हणजे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ ही खात्री नव्हे.

आपल्याकडची घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली. तिथे प्रश्न बीमचा नव्हता, तळमजल्याच्या फेरफारात खांबांना हात लावल्याचा होता. १७ जण दगावले. आधार कापण्याची ही सवय मात्र तीच.

खरं तर उपाय स्वस्त आहे. प्लंबिंगचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनीअरकडे सेंट्रिंग बांधण्याआधी पोचला पाहिजे. पाइप जाणार तिथे पीव्हीसीची स्लीव्ह आधीच बसवावी, जादा रिंगा बांधाव्यात आणि काँक्रीट ओतण्याआधी त्या मोजून घ्याव्यात. बीम आधीच झाला असेल तर पाइपलाच वळसा द्यावा. तेही जमत नसेल, तर सळया शोधणारं यंत्र फिरवून त्या चुकवाव्यात आणि इंजिनीअरने आखून दिलेल्या जागीच कोअर कटिंग करावं. ब्रेकरचं तिथे काही काम नाही.